परत बोलावणारा बार

बाबांनी रविवारी सकाळी आठ वाजता जाहीर केलं, की रिव्हॉल्व्हर बिघडलेलं नाही, ते फक्त विश्रांती घेतंय.

"एकवीस वर्षं?" मी विचारलं.

"मीही एकवीस वर्षं निवृत्तच आहे. मला काय झालंय?"

त्यांना काय काय झालंय त्याची यादी औषधांच्या डब्याच्या झाकणावर आतून चिकटवलेली होती, पण मी ती वाचून दाखवली नाही. मी टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरत होते. आई दोन दिवसांसाठी मावशीकडे गेली होती, म्हणून टेबल, पातेली आणि फ्रिजवरचं चुंबक हे सगळं माझ्या ताब्यात होतं.

रिव्हॉल्व्हर म्हटलं की लोक दचकतात, म्हणून आधीच सांगते. हे शर्यत सुरू करायचं रिव्हॉल्व्हर. त्याची नळी कारखान्यातूनच बुजवून आलेली आहे. त्यातून गोळी जाऊच शकत नाही, आवाज येतो आणि थोडा धूर निघतो, बस. बाबा पस्तीस वर्षं शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि पस्तीस वर्षं प्रत्येक शर्यत त्यांनी याच रिव्हॉल्व्हरने सुरू केली. निवृत्त झाले तेव्हा शाळेने ते त्यांनाच देऊन टाकलं आणि स्वतःसाठी विजेवरचा भोंगा घेतला. तो सर्दी झालेल्या बदकासारखा वाजतो, असं बाबांचं मत.

आठ दिवसांपूर्वी शाळेच्या आताच्या क्रीडाशिक्षिका घरी आल्या होत्या. त्या बाबांच्याच विद्यार्थिनी. लहानपणी अडथळ्यांच्या शर्यतीत प्रत्येक अडथळ्यावर आपटायच्या, म्हणून बाबा त्यांना अजून "धडपडे" म्हणतात. त्या म्हणाल्या, यंदा साठीपुढच्या माजी विद्यार्थ्यांची पन्नास मीटर ठेवली आहे, रविवारी चार वाजता. सरांनी ती आपल्या रिव्हॉल्व्हरने सुरू करून द्यावी. रिव्हॉल्व्हर चाललं नाही तर भोंगा आहेच, मग सरांनी मंचावर बसून पदकं वाटावीत.

"पदकं?" बाबा म्हणाले होते. "मी काय पाहुणा आहे?"

त्यानंतर आठवडाभर त्यांनी पांढरी पँट दोनदा इस्त्री केली, शर्यत सुरू करणाऱ्याने उजव्या हातावर चढवायची लाल बाही धुऊन वाळवली, आणि रिव्हॉल्व्हर मात्र कपाटातून बाहेर काढलं नाही. मी रोज विचारायचे. रोज उत्तर एकच, "त्याला काही होत नाही." आज सकाळी काढलं, तर घोडा मागे ओढता येत होता, सोडला की पडतही होता, पण चक्र जागचं हलत नव्हतं. सहा घरांचं ते चक्र, प्रत्येक बारानंतर एक घर पुढे सरकायला हवं. हाताने जोर लावला तर कसंबसं फिरायचं, एरवी नळीला चिकटून बसलं होतं, जणू त्याला कुठे जायचंच नव्हतं.

मी क्रीडाशिक्षिकांना फोन लावला आणि बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"एक बार उडतो ना सर? मग झालं की. शर्यत सुरू करायला एकच तर लागतो," पलीकडून आवाज आला.

"धडपडे, बाराआधी कोणी सुटलं तर त्याला परत काय पत्र पाठवून बोलावू?"

"मधे हाताने चक्र फिरवा ना."

"मी ते फिरवेपर्यंत तुझे म्हातारे पन्नास मीटर पळून घरी पोचलेले असतील." बाबांनी फोन माझ्याकडे दिला आणि खुर्चीत बसले. आवाज एकदम उतरला. "एका बारावर शर्यत कोणीही सुरू करतं गं. परत बोलावता येत नसेल तर हात वर करायचा अधिकार नाही. दुसरा बार नसेल तर मी जात नाही. त्यांना सांग, पदकंही वाटत नाही."

तर प्रश्न स्पष्ट होता. चार वाजेपर्यंत रिव्हॉल्व्हरने लागोपाठ दोन बार काढले पाहिजेत. माझ्या हातात साडेसात तास होते.

मी आधी सहाही घरं रिकामी आहेत का ते पाहिलं. तीन वेळा मोजलं. पाच रिकामी होती. सहाव्यात उडालेल्या काडतुसाचं रिकामं टोपण हिरवट होऊन रुतलेलं होतं. बाबांची शेवटची शर्यत एकवीस वर्षं आत अडकून पडली होती. विणायच्या सुईने ती बाहेर काढली आणि बशीत ठेवली. बाबांनी बशी आपल्याकडे ओढली आणि टोपण बराच वेळ बघत बसले.

मग चक्राच्या आसापाशी भिंग धरलं. तिथे सोनेरी तपकिरी, पारदर्शक, काचेसारखा गुळगुळीत थर होता. नख टोचलं तर किंचित दबला आणि परत वर आला. वास घेतला.

मी रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. थर किती वेळात वाळतो, वाळल्यावर किती चिवट होतो, हे मोजायचं माझं काम. हा वास मी रोज आठ तास घेते.

"बाबा, याला कोणतं तेल लावत होतात?"

"तेच आपलं. हॉकीच्या काठ्यांना लावतो ते."

"जवसाचं?"

"उत्तम तेल आहे. पस्तीस वर्षांत एकाही काठीने तक्रार केली नाही."

"काठीला ते हवंच असतं. ते तेल हवेत वाळून घट्ट होतं, म्हणून तर काठीला लावतात. आम्ही त्याच तेलाचा रंग करतो. तुम्ही रिव्हॉल्व्हरला व्हार्निश लावलंय."

"दरवर्षी?"

"किती हात दिलेत?"

बाबांनी मनात हिशेब केला. "वर्षाला दोन. निवृत्त झालो तेव्हा जरा भावनेच्या भरात तीन-चार."

नऊ वाजता आत्या आली. माझी आत्या बहात्तर वर्षांची आहे आणि शिलाई मशीन दुरुस्त करायचं तिचं दुकान आहे. ती तिची छोट्या पेचकसांची पेटी, मशीनच्या पातळ तेलाची कुपी आणि लाल नखपॉलिशच्या दोन बाटल्या घेऊन आली, एक लावायची आणि एक काढायची. चार वाजताच्या शर्यतीत तीही पळणार होती, आणि नखं न रंगवता ती कधीही पळत नाही.

रिव्हॉल्व्हर तिने दोन बोटांत उचललं. "हेच ना ते? माझं पदक खाल्लं ते?"

"तू सुटलीस म्हणून खाल्लं," बाबा म्हणाले.

"मी सुटले नव्हते, दादा."

"डावा खांदा हलला होता."

"मी सुटले नव्हते."

हा संवाद मी लग्नांत ऐकलाय, दवाखान्याच्या बाकावर ऐकलाय, आणि एकदा न्हाणीघराच्या बंद दारातून ऐकलाय. छप्पन वर्षांपूर्वी बाबांना शाळेत नोकरी लागली. पहिलंच वर्ष, पहिलीच शंभर मीटरची अंतिम शर्यत, आणि तिसऱ्या लेनमध्ये त्यांची सोळा वर्षांची बहीण. बाबांनी बार काढला, लगेच दुसरा काढून सगळ्यांना परत बोलावलं आणि बोट दाखवलं तिसऱ्या लेनकडे. तेव्हाचा नियम कडक होता, एकदा सुटलं की बाद. आत्या बाद झाली. लोकांनी बाबांच्या निष्पक्षपणाची वाहवा केली. आत्याने महिनाभर त्यांच्याशी अबोला धरला आणि मग बोलायला लागली ती हेच.

"आणि आता त्याचा तोच दुसरा बार मी दुरुस्त करून द्यायचा," आत्या पेटी उघडत म्हणाली. "काय नशीब बघ, प्रयोगशाळे!" प्रयोगशाळा म्हणजे मी.

ती पेच काढत गेली, मी प्रत्येक भाग कागदावर क्रमाने मांडून त्याखाली आकडा लिहीत गेले. लाकडी मूठ, घोडा, चाप, चक्र, आस, आणि चक्राला घरागणिक पुढे ढकलणारी नखाएवढी एक पट्टी. आत्या तिला जीभ म्हणाली. जिभेच्या मागे केसासारख्या तारेची बारीक स्प्रिंग होती. हीच स्प्रिंग जिभेला पुढे दाबते, जीभ चक्राला ढकलते. जीभ व्हार्निशात रुतली होती, म्हणून चक्र गप्प.

मी फ्रिजवरून आईचं भोपळी मिरचीच्या आकाराचं चुंबक काढलं.

"ते कशाला?" बाबा.

"धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून त्यात भाग टाकायचेत. पोलादाला सोडा काही करत नाही, पण या सांगाड्याचा धातू वेगळा असावा, त्याला खाईल. ज्याला मिरची चिकटेल ते पातेल्यात. ज्याला चिकटणार नाही ते आत्याच्या नखपॉलिश काढायच्या बाटलीने पुसायचं."

"अख्खी बाटली?" आत्या.

"लागेल तेवढी."

"म्हणजे अख्खी."

जिभेला मिरची चिकटली, घोड्याला चिकटली, आसाला चिकटली. सांगाड्याला चिकटली नाही. आईच्या चांगल्या पातेल्यात पाणी उकळायला लागलं आणि वीस मिनिटांत ते चहासारखं झालं, वर फेस आला.

बाबा डोकावले. "हे काय होतंय?"

"साबण होतोय."

"माझं रिव्हॉल्व्हर साबण होतंय?"

"तुमचं तेल साबण होतंय, बाबा. रिव्हॉल्व्हर आहे तसंच आहे."

"पस्तीस वर्षांच्या सेवेचा साबण," आत्या म्हणाली, आणि दोघं भावंडं अशी हसायला लागली की बाबांना खुर्चीचा हात धरावा लागला. थोडा दोष त्या बाटलीच्या वासाचाही असावा. मी खिडक्या सताड उघडल्या आणि दोघांना पलीकडच्या खोलीत हाकललं. ते तिथेही हसतच होते.

मी सांगाडा घासला. कापसाचे बोळे आधी तपकिरी निघाले, मग पिवळे, मग पांढरे. बाटली संपली. काडतुसांच्या काजळीत ओल धरून गंज चढवणारं मीठ असतं, ते गरम पाण्याने धुऊन काढलं, सगळं पुसून केसांच्या ड्रायरने वाळवलं. साडेअकराला मी त्यांना परत बोलावलं. आत्याने तेवढ्यात उजव्या हाताची नखं रंगवून घेतली होती.

जोडताना स्प्रिंग उडाली.

आत्याच्या चिमट्यातून टिंग करून निघाली आणि दिसेनाशी झाली.

"जागेवर!" बाबा गरजले.

आम्ही दोघी पुतळ्यासारख्या थिजलो. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाचा तो आवाज ऐकून खालच्या गल्लीत कोणाची तरी सायकलसुद्धा थांबली. मी मिरचीला दोरा बांधला आणि फरशीवरून इंचाइंचाने फिरवली. टाचणी मिळाली, बाबांच्या सदऱ्याचं हरवलेलं बटण मिळालं, स्प्रिंग नाही. टेबलाखाली नाही, पडद्याच्या घडीत नाही, बाबांच्या चष्म्याच्या डबीत नाही. पंचवीस मिनिटं झाली.

"मला खाजवायचंय," आत्या म्हणाली.

"हलू नकोस."

"नाकाला खाज सुटलीय गं." तिने हात वर केला, आणि स्प्रिंग तिच्या उजव्या अंगठ्याच्या ओल्या नखाला चिकटलेली होती. अर्धी लाल.

आम्हाला इतकं हसू आलं की पुढची पाच मिनिटं कोणाच्याच हातात पेचकस देण्यात अर्थ नव्हता. मग मी स्प्रिंग पुसली, आत्याने बसवली, वर मशीनच्या तेलाचे दोन थेंब, एकही जास्त नाही. बाबांनी घोडा ओढून हळूच खाली आणला. चक्र एक घर पुढे गेलं. आणखी एकदा. आणखी एक घर.

"चाललं!" बाबा उभे राहिले. "आता बार काढून बघू."

काडतुसांचा डबा उघडला. आवाजी काडतुसं सात होती. चार ओलीने फुगली होती, घरात शिरेनात. उरली तीन.

"एक बार बघायला, दोन शर्यतीला," मी म्हणाले. "चक्र फिरतं का ते बघायला दुसरंही भरायला हवं, पण ते उडालं तर शर्यतीला एकच राहील. म्हणून दुसऱ्याच्या जागी ते एकवीस वर्षांपूर्वीचं रिकामं टोपण भरा. घोडा त्याच्यावर बरोबर पडला तर पुरे."

"हुशार आहे पोरगी," आत्या.

"माझ्यावर गेलीय," बाबा.

आम्ही कानांत कापूस घालून गच्चीवर गेलो. मला वाटलं होतं, बाबा हात वर करतील आणि चाप ओढतील. पण त्यांना ते तसं येतच नाही. त्यांनी लाल बाही चढवली, हात सरळ वर केला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "जागेवर..."

समोर सलूनवाल्याने गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलला. तोही बाबांचा विद्यार्थी, आता चौसष्ट वर्षांचा. गिऱ्हाइकही बाबांचाच. दोघं थिजले.

"तयार..."

सलूनवाला वस्तरा हातात धरून गुडघ्यांत वाकला.

ठो! कबुतरं उडाली. सलूनवाला उंबरा ओलांडून चार पावलं पळाला, थांबला, वर बघून ओरडला, "सर, आत्ताच आहे का? चारला सांगितलं होतं!"

बाबा ऐकत नव्हते. त्यांनी अंगठ्याने घोडा परत ओढून सोडला होता आणि ते चक्राकडे बघत होते. चक्र अर्धंच फिरलं होतं. घोडा दोन घरांच्या मधल्या भिंतीवर पडला होता.

लाल बाही काढून बाबांनी तिची नीट घडी घातली, आणि ती घडी घालणं मला बघवेना.

मी खाली येऊन सगळं परत उघडलं. घड्याळात सव्वा वाजला होता. आस स्वच्छ. जीभ स्वच्छ. सांगाड्यातली खाच भिंगाखाली घातली, आरशासारखी. मग जीभ का थकली? सकाळी दोनदा पूर्ण फिरवली, आता अर्ध्यावर? सकाळपासून आतापर्यंत काय बदललं? वेळ गेला. वेळ गेल्यावर काय होतं? वाळतं.

मी स्प्रिंग भिंगाखाली धरली. चार वेटोळी एकमेकांना चिकटली होती. मधे झिरझिरीत, चकचकीत लाल थर.

"सापडलं?" आत्याने विचारलं.

"मीच आहे," मी म्हणाले. "बाबांना व्हार्निशावर व्याख्यान दिलं आणि स्वतः नखपॉलिश लावलेली स्प्रिंग आत बसवली. वरवर पुसली, वेटोळ्यांत राहिलं. ओलं होतं तोवर चालली."

"नोकरीवरून काढतील तुला," बाबा पलंगावरून म्हणाले. चेहरा भिंतीकडे होता, पण म्हणाले, म्हणजे बरं लक्षण.

"मग काढ की ते पॉलिश," आत्या.

"कशाने? तुझी बाटली संपली. रविवारी कारखाना बंद. दुकान तीनला उघडतं, मग तपासायला वेळ उरत नाही."

मी डोळे मिटून बसले. आत्या डाव्या हाताची नखं रंगवायला लागली. वेळ वाया घालवणं तिला जमत नाही. तो वास आला आणि मी डोळे उघडले.

"आत्या, ती बाटली दे."

"ही लावायची आहे गं, काढायची नाही."

"ओल्या पॉलिशमध्ये तेच द्रावण असतं. नवीन थर जुन्याला विरघळवतो. म्हणून तर नखावर दुसरा हात दिला की खालचा हलतो."

"हलतो खरा मेला."

मी स्प्रिंग बाटलीत बुडवली, दहापर्यंत मोजलं, काढली, वाळायच्या आत मऊ कापडाने पुसली. परत बुडवली. नऊ वेळा. प्रत्येक वेळी आत्या म्हणायची, "नवी बाटली होती," आणि दरवेळी आवाज थोडा कमी दुःखी व्हायचा. नवव्या वेळी ताणून सोडली तर वेटोळी एकेक सुटी होऊन थरथरली. फिकट गुलाबी राहिली होती, पण सुटी.

जोडलं. रिकाम्या चक्रावर घोडा साठ वेळा ओढला. साठही वेळा घर बरोबर आलं. एक तास थांबून परत साठ. उरलेल्या पॉलिशचा एक ठिपका मी चक्रावर लावला, म्हणजे पहिलं काडतूस कोणत्या घरात आणि दुसरं कोणत्या, यात गोंधळ नको.

"खात्री आहे ना दुसऱ्या बाराची?" मैदानाकडे जाताना आत्याने हळूच विचारलं. बाबा दहा पावलं पुढे होते, लाल बाही चढवून, इतके ताठ की मागून तिशीतले वाटत होते.

"नव्वद टक्के."

"आणि उरलेले दहा?"

"मैदानावर कळतील. कोणी सुटलंच नाही तर कळणारच नाहीत. दुसरा बार लागला नाही म्हणजे चांगलीच शर्यत झाली."

"हं," आत्या म्हणाली, आणि खाली वाकून बुटाची नाडी परत बांधायला लागली. ती मला आधीच व्यवस्थित वाटत होती.

चारला मैदान भरलं होतं. क्रीडाशिक्षिका भोंगा काखेत धरून उभ्या होत्या, असावा म्हणून. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांनी तो पाठीमागे लपवला. चार लेन, चार धावपटू. पहिल्या लेनमध्ये एक निवृत्त परिचारिका, दुसऱ्यात सलूनवाला, तिसऱ्यात आत्या, चौथ्यात एक गोल, आनंदी टपालवाले. मी ठिपक्याचं घर आणि त्याच्या पुढचं घर भरलं, रिव्हॉल्व्हर बाबांच्या हातात दिलं आणि मागे सरकले.

"कोणी सुटलं तर एक ताकीद," बाबांनी चौघांना सांगितलं. "आता नियम मऊ झालेत. पण मी परत बोलावणार."

"बोलाव की," आत्या म्हणाली.

बाबांनी हात वर केला. मैदान गप्प झालं. "जागेवर... तयार..."

आणि आत्या सुटली. बार उडायच्या एक श्वास आधी, बहात्तर वर्षांची लाल नखं मुठीत आवळून, बाणासारखी. बाबांचं बोट चापावर होतंच, ठो झाला, बाकीचे तिघंही पळाले. बाबांच्या अंगठ्याने घोडा ओढला, चक्र कट करून फिरलं, आणि—

ठो!

चौघं थांबले. सलूनवाला तर असा थांबला की टपालवाले त्याच्या पाठीवर आपटले. मी उड्या मारल्या आणि क्रीडाशिक्षिकांना मिठी मारली. मैदानावर कोणी चुकीचं सुटलं म्हणून टाळ्या वाजवणारी मी एकटीच होते.

बाबा रिव्हॉल्व्हर खाली धरून तिसऱ्या लेनपर्यंत चालत गेले. मी मागोमाग.

"उजवी टाच," ते म्हणाले.

"काय?" आत्या धापा टाकत होती.

"तू सुटलीस तेव्हा उजवी टाच आधी उठली. खांदा जागचा हलला नाही."

"बरं. मग?"

"तू सुटतेस ती टाचेनं सुटतेस." बाबा तिच्या बुटाकडे बघत होते, हिशेब करत. "तेव्हा टाच उठली नव्हती. ती मला अजून दिसते, जमिनीला टेकलेली. नुसता खांदा हलला होता." त्यांनी मान वर केली. "म्हणजे तेव्हा तू सुटली नव्हतीस."

आत्याने स्वतःच्या टाचेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मग तो खांदा कशाला हलला होता?" बाबांनी विचारलं.

"डास होता, दादा! कोणी विचारलं का मला कधी?"

बाबांच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. मग आत्याचे. मग ती दोघं एकमेकांचे दंड धरून सकाळसारखीच हसायला लागली, आणि तिथे तर साधी मोकळी हवा होती.

"मुद्दाम सुटलीस ना?" मी तिच्या कानाशी विचारलं.

"तुझे दहा टक्के राहिले होते ना?" ती डोळे पुसत म्हणाली. "जा, पुढचं काडतूस भर."

पुढचं काडतूस.

साडेसात तास मी मोजत होते. एक सुरू करायला, एक परत बोलावायला. परत बोलावलेल्यांना परत सुरू करावं लागतं, हे माझ्या मोजणीत कुठेच नव्हतं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

"सर, भोंगा?" क्रीडाशिक्षिकांनी पुढे केला.

"धडपडे, तो आवर."

चौघं आपापल्या लेनवर आले. बाबांनी रिकामं रिव्हॉल्व्हर आकाशाकडे धरलं. "जागेवर... तयार..." घोडा पडला, चक्र एक घर सरकलं, आणि बाबा पोटातून, मानेच्या शिरा ताणून ओरडले:

"ठ्ठो!"

टपालवाले पळाले. परिचारिका पळाली. सलूनवाला पळाला, पण तोंड मागे करून. आत्या सुरुवातीच्या रेघेवरच गुडघ्यांवर हात टेकून हसत होती, तिला पळता येईना, शेवटी ती चालत गेली आणि चौथी आली.

निकालाचा कागद सहीसाठी बाबांकडे आला. त्यांनी चारही नावं तपासली, सही केली आणि खाली मोकळ्या जागेत सुवाच्य अक्षरांत लिहिलं: "छप्पन वर्षांपूर्वीच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत तिसरी लेन सुटली नव्हती. चूक पंचाची."

आत्याने कागद हातात घेऊन दोनदा वाचला. मग बाबांना परत दिला.

"तारीख घाल," ती म्हणाली.